भोंगा वाजतो, पण गाडी कां सुरू होत नाहीं?



गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं मीं आपल्या मोटारसायकलीच्या स्टार्टरचें बटण दाबलें, तों नुसता ‘कट्-कट्’ असा आवाज झाला. इंजिन कांहीं फिरेना. भोंगा मात्र वाजत होता. आदल्या सायंकाळीं किल्ली गाडीसच राहिली होती व वसतिगृहांतील एक मुलगा तेथें खेळतांना दिसला होता. यानेंच बॅटरी संपविली, असें ठरवून मी त्यास चारचौघांत रागें भरलों व नवी बॅटरी आणून बसविली. तरी तोच प्रकार! शेवटीं एका मिस्त्रीनें बॅटरीची ऋण तार जेथें सांगाड्यास जोडलेली असते, तेथील बोल्ट काढून दाखविला. त्यावर गंज चढला होता. तो घासून बोल्ट घट्ट बसवितांच इंजिन सुरू झालें.

भोंगा वाजत असतां असें कां व्हावें? याचें उत्तर जर्मन शास्त्रज्ञ ओम याच्या १८२७ सालच्या नियमांत आहे. प्रवाह व रोध यांचा गुणाकार केला म्हणजे त्या रोधांत किती व्होल्ट खर्ची पडतात तें कळतें. समजा, गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०५ ओम आहे. भोंग्यास २ अँपियर प्रवाह पुरतो. म्हणजे नुकसान केवळ ०.१ व्होल्ट. परंतु स्टार्टरच्या मोटरीस ६० अँपियर लागूं लागले, तर त्याच सांध्यांत ३ व्होल्ट नाहींसे होतात. बारांतून तीन गेल्यावर मोटरीस बळ कोठून यावें?

यास्तव परीक्षा क्रमानें करावी.

(१) गियर न्यूट्रलमध्यें व इंजिन बंद करण्याचें लाल बटण चालू स्थितींत असावें. कित्येक गाड्यांत क्लच दाबल्यावांचून किंवा बाजूचा स्टँड वर केल्यावांचून स्टार्टर चालत नाहीं. फ्यूजही पाहावा.

(२) गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांस मल्टिमीटर लावावा. दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास ती भरलेली समजावी. १२ वा त्याहून कमी असल्यास प्रथम चार्ज करावी.

(३) बटण दाबून पुन्हां मोजावें. दाब १० च्या बराच खालीं कोसळल्यास बॅटरी अशक्त आहे. तो टिकून राहूनही मोटर फिरत नसेल, तर तारांचे सांधे, रिले व मोटरीचे कार्बन ब्रश तपासावे.

(४) इंजिन सुरू झाल्यावर वेग किंचित् वाढवून मोजावें. १३.५ ते १४.५ व्होल्ट यावे. न आल्यास बॅटरी नीट भरली जात नाहीं. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटरांत दोष समजावा.

तार सोडतांना ऋण टोक प्रथम सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. म्हणजे पान्हा सांगाड्यास लागून ठिणगी उडत नाहीं. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विस्तव नेऊं नये.

त्याच सायंकाळीं, ज्यांच्यादेखत त्या मुलास रागें भरलों होतों, त्यांच्याच देखत मीं त्याची क्षमा मागितली. यंत्राविषयीं चुकीचा तर्क केला तर पैसे जातात. मनुष्याविषयीं केला तर त्याची भरपाई बाजारांत मिळत नाहीं. म्हणून मुलांनो, आधीं मोजा, मग बोला.