प्रोग्रामचा ताळा : सर्व फायलींची चाचणी एकाच आज्ञेने



गणित सोडवून झाले की आपण ताळा करतो. प्रोग्रामचाही ताळा करता येतो. प्रोग्रामच्या एकेका लहान भागाला ठरावीक माहिती देऊन अपेक्षित उत्तर येते का, हे पाहणाऱ्या चाचणीला ‘युनिट टेस्ट’ म्हणतात. पायथन भाषेत त्यासाठी ‘युनिटटेस्ट’ हे साधन २००१ पासून सोबतच मिळते, वेगळे विकत घ्यावे लागत नाही.

समजा, बेगम बाजारातील भांड्यांच्या एका घाऊक दुकानासाठी आपण बिलाचा प्रोग्राम लिहिला. त्याच्या दोन फायली : ‘माप’ आणि ‘बिल’. ‘माप’ फाईल एका ग्रोसचे १४४ नग करून देते. ‘बिल’ फाईल त्या नगांना दराने गुणते. ५ रुपयांचा एक चमचा, तर एक ग्रोस चमच्यांचे ७२० रुपये झाले पाहिजेत.

आता एका मुलाने ‘माप’ फाईल बदलली. नगांऐवजी डझन द्यायचे ठरवून उत्तर १२ केले आणि त्या फाईलची चाचणीही तशीच बदलली. ती चाचणी पास झाली. पण बिल निघाले ६० रुपयांचे! दुकानदाराचे ६६० रुपये बुडाले. चूक ‘माप’मध्ये, नुकसान ‘बिला’त. म्हणून बदल एका फाईलीत केला तरी चाचण्या सर्व फायलींच्या चालवाव्यात.

कृती अशी :

१. प्रत्येक फाईलीसाठी चाचणीची वेगळी फाईल करा. तिचे नाव ‘टेस्ट’ या शब्दाने सुरू व्हावे. आतील प्रत्येक चाचणीचे नावही तसेच.

२. सर्व फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवा. कमांड लाइनवर ‘सीडी’ आज्ञेने त्या फोल्डरमध्ये जा.

३. पुढील आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा : ‘पायथन -एम युनिटटेस्ट डिस्कव्हर’. काही संगणकांवर ‘पायथन’ऐवजी ‘पायथन३’ लिहावे लागते. शेवटी ‘-व्ही’ जोडल्यास प्रत्येक चाचणीचे नाव दिसते.

पास झालेल्या चाचणीसाठी एक टिंब उमटते. उत्तर चुकल्यास ‘एफ’ उमटतो आणि प्रोग्राम मध्येच अडखळल्यास ‘ई’. आपल्या उदाहरणात ६० आणि ७२० समान नाहीत, असे संगणक स्पष्ट सांगेल. शेवटी किती चाचण्या चालल्या, तो आकडा अवश्य वाचा. नाव ‘टेस्ट’ने सुरू नसेल, तर ती फाईल शोधलीच जात नाही. न झालेली परीक्षा म्हणजे पास नव्हे!

हा विषय केवळ दुकानापुरता नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. एक प्रोग्राम बलाचा हिशेब पौंडात देत होता, तर दुसरा तो न्यूटनमध्ये आहे असे धरून चालला होता. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. ग्रोस आणि डझनाचाच हा घोटाळा, फक्त आकाशातला.

पालकांना विनंती, की मुलाने प्रोग्राम दाखवला तर “चालतो का?” एवढेच विचारू नये, “ताळा केलास का?” असेही विचारावे. आणि विश्वस्त मंडळींनी निश्चिंत असावे : या अभ्यासाला नवे यंत्र लागत नाही, जुना संगणकही पुरतो.

स्वाध्याय : ‘सूट’ नावाची तिसरी फाईल लिहा. ७२० रुपयांवर शेकडा १० सूट दिल्यास ६४८ रुपये येतात, याची चाचणी जोडा आणि तिन्ही फायलींच्या चाचण्या एकत्र चालवून पाहा.