दोन बोटं

दोन दिवसांच्या नियोजनाच्या शेवटी मतदान असतं. सगळ्यांनी एकदम हात वर करायचा आणि ठरलेलं काम पुढच्या दहा आठवड्यांत होईल असं आपल्याला किती वाटतं, ते बोटांनी सांगायचं. पाच बोटं म्हणजे पक्की खात्री, एक म्हणजे मुळीच नाही. हॉलमध्ये नऊ टीम्स, नव्वदेक माणसं, आणि मंचावर मी. चार, चार, पाच, तीन, चार... आणि मागच्या खांबापाशी टेस्टिंगमधल्या एका मुलाची दोन बोटं.

मी माइकवरून विचारलं, "का रे? काय अडचण आहे?"

शब्द बरोबर होते. दोन किंवा त्याहून कमी बोटं दाखवणाऱ्याला बोलू द्यायचं, असा नियमच आहे. पण माझा सूर असा लागला की नव्वद माना मागे वळल्या. शेजारी आमचे वरिष्ठ घड्याळ बघत होते, बाहेर बस उभ्या होत्या. तो म्हणाला, "काही नाही मॅडम, टेस्ट सर्व्हर वेळेत मिळेल का, एवढंच." "मिळेल," मी म्हटलं. त्याने तिसरं बोट वर केलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला.

सहाव्या आठवड्यातही सर्व्हर आला नव्हता. नऊपैकी पाच टीम्सचं काम तिथेच तुंबलं. पुढचे दोन महिने आम्ही रात्री जागवल्या, शनिवार-रविवार खाल्ले, आणि ग्राहकाला माफीची पत्रं लिहिली. जी गोष्ट मला सहा आठवडे आधी, फुकटात, नव्वद साक्षीदारांसमोर कळली होती, तिच्यासाठी.

दिवाळीला इचलकरंजीला गेले तेव्हा हे आप्पांना सांगितलं. आप्पांचे एकेकाळी आठ माग होते. साधे माग. ताण्याचा धागा तुटला तरी माग आपला चालूच. कामगाराचं लक्ष गेलं नाही तर कापडात रेघ उतरत जायची. ती दिसायची तागा तपासताना, आणि व्यापारी पैसे कापायचा. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे माग थांबवणाऱ्याला तू वरडलीस व्हय?"

"ओरडले नाही, आप्पा."

"मग त्यानं तिसरं बोट का काढलं?"

गंमत अशी की मागाचीच गोष्ट मी माझ्या प्रशिक्षणांत रंगवून सांगत असे. साकिची टोयोडा यांनी 1924 साली धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. त्याचे हक्क 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले. पुढे 1937 मध्ये त्याच घराण्याची मोटार कंपनी स्वतंत्र उभी राहिली आणि तिने मागातली ही युक्ती माणसांना दिली. काही चुकतंय असं दिसलं की कामगाराने दोरी ओढायची, दिवा लागतो, वरचा माणूस मदतीला धावतो, आणि वेळेत सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबते. 'लीन' म्हणून आपण जे शिकतो त्यातला अर्धा जीव या दोरीत आहे. स्लाइडवर मागाचं चित्र होतं, मी मागवाल्याची मुलगी, आणि माझ्याच हॉलमध्ये कोणी दोरी ओढली तेव्हा मी घड्याळ बघणाऱ्यांच्या बाजूला उभी होते.

हे सगळं घडलं त्या कंपनीचं नाव सांगत नाही. पुण्यातलं एक मोठं तंत्रज्ञान केंद्र होतं, एवढं पुरे. तिथे आम्ही आणत होतो त्या 'अजाइल' कार्यपद्धतीचा मूळ जाहीरनामा फेब्रुवारी 2001 मध्ये युटातल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या सतरा जणांनी लिहिला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं, बस्स. शेकडो माणसांचं नियोजन कसं करायचं, याबद्दल त्यात अक्षर नाही. ती पोकळी भरायला पुढे चौकटी आल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली डीन लेफिंगवेल यांची 'सेफ', 2011 सालची. पन्नास ते सव्वाशे माणसांची एक 'ट्रेन', आठ ते बारा आठवड्यांचा एक टप्पा, सुरुवातीला दोन दिवसांचं एकत्र नियोजन. चौकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही ती एका वर्षात चार ट्रेन्सना लावली, ते वाईट होतं. पहिलीच रुळांवर नव्हती.

नियोजनाच्या हॉलमध्ये एक फलक असतो. आडव्या ओळी टीम्सच्या, उभे रकाने पंधरवड्यांचे. एका टीमचं काम दुसरीवर अडलेलं असेल तर दोन चिठ्ठ्यांमध्ये लाल धागा लावायचा. पहिल्या वेळी आमच्या फलकावर इतके धागे झाले की चिठ्ठ्या दिसेनात. आम्ही त्याचंही कौतुक केलं, सगळं कसं उघड झालं म्हणून. वर्षभर दर टप्प्याला धागे तेवढेच, आणि दर टप्प्याला कौतुकही तेवढंच. ते धागे म्हणजे दुखणं होतं, आम्ही त्याला तपासणीचा अहवाल समजून फाइलला लावत होतो. टीम्स आम्ही जुन्याच खात्यांप्रमाणे पाडल्या होत्या: डेटाबेसवाले एक, स्क्रीनवाले दुसरे, टेस्टिंगवाले तिसरे. नावं तेवढी बदलली होती. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांनी बनवलेल्या व्यवस्थेची रचना होते. एका ग्राहकाचं एक साधं काम पाच टीम्सच्या दारांतून फिरत असेल, तर नियोजन कितीही सुंदर करा, ते रांगेतच उभं राहणार.

म्हणून आता कुणी बोलावलं की पहिला महिना मी प्रशिक्षण घेतच नाही. ग्राहकाची एक खरी मागणी हातात घेते आणि ती जन्मली त्या दिवसापासून पोहोचली त्या दिवसापर्यंत कुठे-कुठे बसून होती, ते त्या-त्या माणसाच्या खुर्चीशेजारी बसून लिहून काढते. प्रत्यक्ष काम चाललेले दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतात, बाकीचे महिने वाट पाहण्यात गेलेले असतात. हा कागद वरच्या मंडळींनी स्वतः फिरून भरला पाहिजे. मी भरून दिला तर तो आणखी एक अहवाल होतो.

दुसरी मोजणी हातातल्या कामांची. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम शाळकरी गणिताइतका सोपा आहे. चाळीस कामं सुरू आहेत आणि महिन्याला चार संपतात, तर नव्या कामाला सरासरी दहा महिने लागणार. वीसच सुरू ठेवली आणि संपण्याचा वेग तोच राहिला, तर पाच. नवं सॉफ्टवेअर नको, सल्लागार नको (मीसुद्धा नको). पण वीस कामं थांबवायची म्हणजे वीस साहेबांना 'आत्ता नाही' म्हणायचं. प्राधान्य ठरवायला एक सूत्र असतं: उशिराने होणारं नुकसान भागिले कामाचा आकार. आमच्याकडे प्रत्येक साहेबाने आपल्या कामाचं नुकसान एवढं फुगवलं की त्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता तर कंपनी गेल्याच वर्षी बुडायला हवी होती. शेवटी चाळीसच्या चाळीस चालू राहिली. वर, टप्प्याच्या अखेरीस दम घ्यायला आणि नवं करून बघायला जो पंधरवडा राखायचा असतो, त्यातही आम्ही उरलेलं काम कोंबलं.

मधल्या फळीचं सांगायला हवं, कारण तिथे माझी चूक सर्वांत कोडगी होती. पंधरा-वीस वर्षं मॅनेजर असलेल्या माणसांना एका शुक्रवारी सांगितलं की सोमवारपासून तुम्ही स्क्रम मास्टर, म्हणजे हुकूम न सोडता टीमला मदत करणारे. पगारवाढ कशावर ठरणार, माणसं कुणाला रिपोर्ट करणार, यांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. मग त्यांनी जगण्यापुरतं जे जमलं ते केलं: रोजच्या पंधरा मिनिटांच्या उभ्या बैठकीचा हजेरीपट केला. टीम्स कामाचा आकार ज्या पॉइंट्समध्ये मोजतात, त्यांची तुलना वरून सुरू झाली तशी पॉइंट्सना महागाई लागली. गेल्या महिन्यात तीनचं असलेलं काम या महिन्यात पाचचं. वेग वाढला, आलेख चढला, माल तेवढाच. आणि आठवड्याच्या अहवालात कलिंगडं पिकू लागली, वरून हिरवी, आतून लाल. आता मी त्या माणसांच्या नोकरीचा आणि मूल्यमापनाचा प्रश्न आधी लेखी सोडवून घेते. एचआर तयार नसेल तर सुरुवात पुढे ढकलते. या आग्रहापायी दोन कामं गेली माझी, जाऊ देत.

वरिष्ठांना मी दुसरं काही शिकवायला जात नाही. एकच सवय मागते. 'किती टक्के झालं?' हा प्रश्न तीन महिने विचारायचा नाही, त्याऐवजी 'काय अडलंय, आणि त्यातलं माझ्याच्याने काय सुटेल?' हे विचारायचं. आणि उत्तर आल्यावर पहिलं वाक्य 'हे आधी का नाही सांगितलं?' असं नको. ही सवय लागायला भल्याभल्यांना सहा-सहा महिने लागतात, मला तर आप्पांचा टोमणा लागला.

दोन बोटंवाल्या मुलाला मी नंतर भेटले. माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, "मॅडम, तेव्हा बस निघायची होती ना." त्याने मला सुटकेचा दरवाजा उघडून दिला होता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. काही महिन्यांनी त्याने नोकरी बदलली.

हल्ली मतदानाच्या वेळी मी मंचावरून खाली उतरते आणि मागच्या खांबापाशी जाऊन उभी राहते. बस एक तास उशिराच्या सांगून ठेवलेल्या असतात. गेल्या वर्षी एका बाईंनी एकच बोट वर केलं. त्यांना फलकापाशी नेऊन चाळीस मिनिटं बोलू दिलं, तीन कामं उतरवली, आणि मग पुन्हा मत घेतलं.

परवाच्या नियोजनात मात्र सगळ्यांची चार आणि पाच बोटं. एकाचंही दोन नाही, तीनही नाही. साहेब खूश होते. मला काही ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन टेस्टिंगवाल्यांच्या मजल्यावर जाऊन बसले.