मोबाईल टीव्हीला जोडताना : वायर, आरसा आणि निरोप



होस्टेलच्या कॉमन रूममध्ये रोज संध्याकाळी दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, "आज भाजी काय?" आणि दुसरा, "अगं, तुझा मोबाईल टीव्हीला कनेक्ट होतोय का बघ ना!" मग चारजणी चार मोबाईल काढतात. एकीचा होतो, तिघींचा होत नाही आणि त्या तिघी मिळून टीव्हीला नावं ठेवतात. गंमत म्हणजे बहुतेक वेळा टीव्ही ठणठणीत असतो आणि मोबाईलही. फक्त दोघे एकमेकांशी वेगवेगळ्या भाषेत बोलत असतात!

विषय साधा वाटेल, पण आपल्यासाठी तो महत्त्वाचा आहे. होस्टेलमध्ये प्रत्येकीकडे लॅपटॉप नाही. मोबाईल मात्र सगळ्यांकडे आहे. सेमिनारची प्रॅक्टिस, प्रोजेक्ट रिव्ह्यूच्या स्लाईड्स, एनपीटीईएलची लेक्चर्स, सगळं त्याच साडेसहा इंचांत. चौघींनी डोकी एकत्र करून त्यावर सर्किट डायग्राम बघायची आणि समोर भिंतीवर मोठा टीव्ही नुसता लटकलेला, हे काही बरोबर नाही. म्हणून हा छोटासा अभ्यास.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पूर्ण लेख तिच्यावरच उभा आहे. मोबाईल टीव्हीला जोडणे ही एक क्रिया नाही. त्याचे तीन वेगळे रस्ते आहेत. मी त्यांना वायर, आरसा आणि निरोप अशी नावं दिली आहेत. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला आधी 'मिरर'च आठवतो, पण आरसा हा शब्द जास्त छान आहे!) आपण कोणत्या रस्त्याने चाललो आहोत हे कळलं, की अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात.

रस्ता पहिला : वायर

टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं पोर्ट असतं. या एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. नेहमीच्या प्लगमध्ये १९ पिना असतात आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच केबलमधून जातात. मोबाईलच्या बाजूला यूएसबी-सी. म्हणजे मध्ये एक ॲडॅप्टर लावला की झालं, असं वाटतं. पण इथेच फसगत होते.

यूएसबी-सी हे मुळात फक्त प्लगच्या आकाराचं नाव आहे. त्यात २४ पिना असतात, पण सगळ्या पिनांच्या मागे काही जोडलेलं असेलच असं नाही. चित्र बाहेर पाठवण्यासाठी 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' नावाची सोय लागते. यात यूएसबी-सीमधल्या वेगवान डेटाच्या तारांच्या जोड्या व्हिडिओ वाहून नेण्यासाठी वापरल्या जातात. स्वस्त मोबाईलमध्ये बहुधा यूएसबी २.० एवढंच जोडलेलं असतं, म्हणजे त्या वेगवान जोड्याच नसतात. मग नेहमीचा एचडीएमआय ॲडॅप्टर कितीही महाग आणला तरी उपयोग नाही. आयफोनमध्ये २०२३ च्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी आलं आणि त्यातून चित्र बाहेर जातं. अँड्रॉइडमध्ये मात्र मॉडेलप्रमाणे फरक आहे. म्हणून ॲडॅप्टर विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आऊट' हा शब्द शोधा. नसेल तर पैसे वाचवा, मेसच्या बाहेर वडापाव खा!

आणखी एक गोंधळ. टीव्हीला यूएसबी पोर्टही असतं, त्यात चार्जिंगची केबल लावून काहीजणी वाट बघत बसतात. ते पोर्ट पेनड्राईव्हमधल्या फाईल वाचण्यासाठी आहे. मोबाईलचा पडदा तिथून दिसत नाही, फार तर मोबाईल चार्ज होईल.

वायरचा फायदा मोठा आहे. वाय-फाय नको, इंटरनेट नको, उशीर जवळजवळ नाही. प्रेझेंटेशनसाठी यासारखं दुसरं काही नाही.

रस्ता दुसरा : आरसा

इथे वायर नाही. मोबाईलवर जे दिसतं ते जसंच्या तसं टीव्हीवर. आता थोडं गणित करू. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण ३०० कोटी बिट, म्हणजे ३ गिगाबिट! होस्टेलच्या वाय-फायवर एवढं सोडलं तर राऊटर हात जोडेल.

म्हणून मोबाईल प्रत्येक चित्र आधी दाबून लहान करतो. त्यासाठी बहुतेक वेळा एच.२६४ ही २००३ साली आलेली पद्धत वापरतात. लागून येणाऱ्या चित्रांत जे बदललं तेवढंच मुख्यतः पाठवायचं, त्यामुळे तीच गोष्ट काही मेगाबिटमध्ये बसते. टीव्ही ते पुन्हा उलगडतो. या दाबण्या-उलगडण्यात वेळ जातो. म्हणूनच मोबाईलवर बोट फिरवलं की टीव्हीवर ते किंचित उशिरा फिरतं. स्लाईड्सना चालतं, गेम खेळताना चिडचिड होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो लावा, उशीर थोडा कमी होतो. मोबाईल हे काम सतत करत असल्यामुळे गरम होतो आणि बॅटरी उतरते. तेव्हा चार्जर जवळ असू द्या.

अँड्रॉइडमध्ये यासाठी मिराकास्ट नावाचं तंत्र आहे. वाय-फाय अलायन्सने ते २०१२ मध्ये आणलं. यात मोबाईल आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टने थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये राऊटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. म्हणजे आधी डाऊनलोड करून ठेवलेलं लेक्चर आरशातून दाखवलं तर डेटा पॅकमधला एक एमबीसुद्धा खर्च होत नाही. महिनाअखेरीस हे फार कामाला येतं! टीव्हीवर याचं नाव 'स्क्रीन मिररिंग' किंवा 'स्क्रीन शेअर' असतं. सॅमसंगच्या मोबाईलमध्ये 'स्मार्ट व्ह्यू', इतर कंपन्यांत 'कास्ट', 'स्क्रीन कास्ट' अशी नावं. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही, त्याचं एअरप्ले वेगळं. गूगलच्या पिक्सेल फोनमध्येही मिराकास्ट दिलेलं नाही, तिथे गूगल कास्ट. चारजणींपैकी एकीचाच मोबाईल का जोडला जातो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

रस्ता तिसरा : निरोप

समजा तुमच्या मैत्रिणीला पुस्तकातला एक धडा हवा आहे. एक मार्ग म्हणजे तुम्ही फोनवरून तिला तो पूर्ण वाचून दाखवायचा. हा झाला आरसा. दुसरा मार्ग म्हणजे तुम्ही एवढंच सांगायचं, "लायब्ररीतून अमुक पुस्तक घे, पान १४२ उघड." मग ती स्वतः वाचते, तुम्ही मोकळ्या. हा झाला निरोप, म्हणजे कास्टिंग.

यूट्यूबवर कोपऱ्यात छोट्या टीव्हीचं चिन्ह येतं ना, ते दाबल्यावर मोबाईल व्हिडिओ पाठवतच नाही. तो टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ आणतो. मोबाईल उरतो फक्त रिमोट. तुम्ही तो लॉक करा, घरी आईला फोन लावा, व्हिडिओ चालूच राहतो. गूगलने २०१३ मध्ये क्रोमकास्ट नावाची छोटी कांडी काढून ही पद्धत लोकप्रिय केली. २०२४ मध्ये क्रोमकास्टचं उत्पादन थांबलं, पण तीच पद्धत आता अनेक टीव्हींमध्ये आतच बसवलेली असते. मात्र इथे टीव्हीला स्वतःचं इंटरनेट लागतं, हे विसरू नका. आणि गॅलरीतल्या फोटोचं किंवा व्हिडिओचं निरोपाने भागवायचं असेल, तर मोबाईल आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर हवेत.

टीव्हीचं नावच दिसत नाही!

ही आपल्या होस्टेलमधली नंबर एकची तक्रार. कास्टचं चिन्ह दाबलं की मोबाईल नेटवर्कवर हाक मारतो, "इथे टीव्ही कोण आहे?" याला मल्टिकास्ट डीएनएस म्हणतात. ही हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर जाते. कॉरिडॉरमध्ये उभं राहून ओरडावं तशी ती हाक आहे. आपल्या विंगमध्ये ऐकू येते, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये नाही. म्हणून मोबाईल एका नेटवर्कवर आणि टीव्ही दुसऱ्यावर असेल तर नाव दिसणार नाही. मोबाईल डेटावर असाल तरी तेच.

पण दोन्ही एकाच वाय-फायवर असूनही नाव दिसत नाही, तेव्हा कारण बहुधा 'क्लायंट आयसोलेशन' असतं. एका मोबाईलने दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावू नये म्हणून राऊटरवर लावलेला हा नियम. प्रत्येकीने फक्त इंटरनेटशी बोलायचं, आपापसात नाही! सुरक्षेसाठी तो योग्यच आहे, म्हणून नेटवर्क बघणाऱ्या सरांवर रागवू नका. त्याऐवजी हे दोन उपाय करा :

१. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'टीव्हीवर पहा' आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये एक कोड दिसतो, तो मोबाईलमध्ये टाका. हा निरोप इंटरनेटमार्गे जातो, त्यामुळे एक नेटवर्क लागत नाही.
२. मिराकास्ट वापरा. ते राऊटरला विचारतच नाही.

आणखी काही लक्षणं आणि त्यांची कारणं

आवाज येतो पण चित्र काळं : हा बिघाड नाही, कुलूप आहे. सिनेमे दाखवणारी ॲप्स नक्कल होऊ नये म्हणून आरशात चित्र अडवतात. वायरवर हेच काम एचडीसीपी करतं. बँकेची ॲप्सही आपला पडदा दिसू देत नाहीत, आणि ते आपल्या भल्याचंच आहे. सिनेमाच्या बाबतीत आरसा सोडून निरोपाचा रस्ता धरा, किंवा टीव्हीवरच ते ॲप उघडा.

चित्र अडखळतं : २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल म्हणजे १, ६ आणि ११, एवढे तीनच वापरतात. अख्खं होस्टेल त्यांच्यावर स्वार! मोबाईल आणि टीव्ही दोघांनाही ५ गिगाहर्ट्झ येत असेल तर ते निवडा आणि टीव्हीच्या जवळ बसा.

अक्षरं दिसत नाहीत : मोबाईल आडवा धरा. २०:९ आकाराचा मोबाईल उभा धरला तर १६:९ च्या टीव्हीचा फक्त पाव भाग वापरला जातो, बाकी पाऊण भाग काळा. आडवा धरला तर ८० टक्के भाग मिळतो. एवढ्या एका गोष्टीने मागच्या रांगेला दिसायला लागतं.

कडा कापल्या जातात : टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा.

आरशात काय काय दिसतं...

आता थोडं गंभीर. मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधली एक ज्युनियर कॉमन रूममध्ये सेमिनारची प्रॅक्टिस करत होती. मोबाईल आरशाच्या रस्त्याने जोडलेला, पंचवीस-तीस मुली समोर. तिसऱ्या स्लाईडवर वरून मेसेज उतरला, तिच्या बाबांचा. फीचे पैसे काकांकडून उसने घेतले आहेत, तू काळजी करू नकोस, असा. दोन-तीन सेकंदच होता, पण सगळ्यांनी वाचला. कोणी हसलं नाही. तिने स्लाईड्स पूर्ण केल्या आणि खोलीत गेली. नंतर बरेच दिवस तिने प्रॅक्टिससाठी नाव दिलं नाही. मोठ्या पडद्याची गरज तिला आमच्यापेक्षा जास्त होती, कारण तिच्याकडे लॅपटॉप नव्हता.

तेव्हापासून मला वाटतं की जोडायचं कसं याच्याबरोबर दाखवायचं किती, हेही शिकलं पाहिजे. आरसा सगळं दाखवतो, मेसेज, ओटीपी, फोटो, कोणाचा मिस्ड कॉल. निरोप फक्त तो व्हिडिओ दाखवतो. म्हणून व्हिडिओ बघायचा असेल तर निरोपच वापरा. आरसा किंवा वायर वापरायचीच असेल तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि मेसेज वर उतरून येणार नाहीत याची एकदा खात्री करा. नव्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये पूर्ण पडद्याऐवजी एकच ॲप दाखवायची सोयही असते, ती शोधा. काम झाल्यावर डिस्कनेक्ट करा. टीव्हीवर स्वतःच्या अकाऊंटने लॉगिन केलं असेल तर आठवणीने बाहेर पडा, नाहीतर तुम्ही काय काय बघता ते उद्या अख्खं होस्टेल बघेल!

आणि समोर बसणाऱ्यांसाठी एक : दुसरीचा मेसेज चुकून उतरलाच, तर तो कॅन्टीनपर्यंत नेऊ नका.

शेवटी रेक्टर मॅडम आणि नेटवर्क बघणाऱ्या सरांना एक विनंती. कॉमन रूमच्या टीव्हीपाशी एक लांब एचडीएमआय केबल आणि एक यूएसबी-सी ॲडॅप्टर दोरीने बांधून ठेवता येईल का? शक्य असल्यास फक्त तो एक टीव्ही सगळ्यांच्या मोबाईलला दिसेल अशी नेटवर्कमध्ये सोय करता येईल का? टीव्हीशेजारी लावायचा तीन रस्त्यांचा कागद मी लिहून देते. माझं अक्षर वाईट आहे, पण आकृत्या बऱ्या येतात.

सेमिनारसाठी सगळ्यांना ऑल द बेस्ट!