श्वासाचे यंत्र आणि विमानाचा प्रवास

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आपल्या भागातली कितीतरी मुले आज दूरदेशी नोकरी करतात. मुलगा म्हणतो, "बाबा, महिनाभर इकडे या." जावेसे वाटते. पण काही जणांना रात्री श्वासाचे यंत्र लावून झोपावे लागते. ते विचारतात, "हे धूड विमानात नेऊ देतील का?" नेऊ देतात. त्याची रीत आज आपण समजून घेऊ.

यंत्र कशासाठी?

झोप लागली, की घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांची श्वासाची वाट तेव्हा पार बंद होते. माणूस मोठ्याने घोरतो. मध्येच श्वास थांबतो. मग दचकून तो श्वास घेतो. रात्रभर हेच चालते. दिवसा डोके जड होते, डुलक्या येतात. रक्तदाब वाढतो. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात.

ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली यावरचा उपाय जगापुढे मांडला. यंत्र आपल्या खोलीतलीच हवा जरा दाबाने नाकात सोडते. त्यामुळे श्वासाची वाट उघडी राहते. या यंत्राला सीपॅप म्हणतात. यात प्राणवायूचे सिलिंडर नसते.

काही लोक म्हणतात, "थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, यंत्र घरीच ठेवू." तसे करू नये. यंत्र सुटले, की श्वास पुन्हा अडकू लागतो.

निघण्यापूर्वी

तिकीट काढतानाच विमान कंपनीला यंत्राविषयी सांगावे. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घ्यावी. यंत्रातले पाण्याचे भांडे रिकामे करून पुसावे. पाणी राहिले, तर ते यंत्रात शिरून यंत्र बिघडते.

आता आपल्या वाचनाचा उपयोग पाहा. यंत्राच्या वायरीला एक डबी असते. तिच्यावर बारीक आकडे असतात. मोबाइलवर असतात तसेच ते इंग्रजी आकडे. तिथे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे का, ते वाचावे. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची, अमेरिकेतली १२० व्होल्टची. आकडा १०० ते २४० असला, की यंत्र दोन्हीकडे चालते. मात्र परदेशात प्लगची भोके वेगळी असतात. त्यासाठी जोड-प्लग न्यावा.

विमानतळावर

लोकलने घाटकोपरला उतरावे. तिथून मेट्रोने मरोळ नाक्याला जावे. तिथे भुयारी मेट्रो मिळते. ती मुंबई विमानतळाला जाते.

यंत्र हातातल्या पिशवीतच ठेवावे. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात देऊ नये. सामान मागे राहिले, तर पहिल्याच रात्री काय करणार? तपासणीच्या जागी आपणहून सांगावे, "हे श्वासाचे यंत्र आहे." सांगितले, तर ते बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावे. चिठ्ठी दाखवावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

जादा बॅटरी असेल, तर तीही हातातच हवी. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी नेता येते. १०० ते १६० वॅट-अवरच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते. त्याहून मोठी नेता येत नाही.

विमानात

विमानात झोपायचे असेल, तर यंत्र लावता येईल का आणि जागेपाशी वीज आहे का, हे कंपनीला आधीच विचारावे. दारू घेऊ नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळी घेऊ नये. दोन्हींनी घसा अधिक सैल पडतो.

प्रश्न

१. यंत्र हातातच का ठेवावे?
२. पाण्याचे भांडे रिकामे का करावे?
३. घरातल्या एखाद्या चार्जरवरचे व्होल्टचे आकडे वाचून वहीत लिहा.