एक पाऊल राहिले

बेसबॉल हा अमेरिकेतला खेळ. मैदानावर तीन बेस आणि एक घर असते. गडी चेंडू मारतो आणि पळत सुटतो. तिन्ही बेसना ओळीने शिवून घरी आला, की एक धाव.

एका बेसवर दोन गडी चालत नाहीत. मारणारा पहिल्या बेसकडे निघाला, की तिथल्या गड्याने दुसरा बेस गाठायलाच हवा. त्याच्या आधी चेंडू तिथे आला, तर तो बाद. तीन गडी बाद झाले, की डाव संपला. तिसरा गडी असा बाद झाला, तर त्या फटक्यावरची धाव धरत नाहीत.

२३ सप्टेंबर १९०८ ची गोष्ट. न्यूयॉर्कचा जायंट्स आणि शिकागोचा कब्स, दोघांची एकेक धाव. शेवटचा डाव. जायंट्सचे दोन गडी बाद. एक गडी तिसऱ्या बेसवर. पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल.

फटका बसला. तिसऱ्यावरचा घरी आला. "जिंकलो!" म्हणत लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच वळला. तेव्हा पुष्कळ गडी असेच करीत. पण कब्सच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवला आणि दुसऱ्या बेसला पाय लावला. पंचाने मर्कलला बाद दिले. धाव गेली. सामना बरोबरीत सुटला.

८ ऑक्टोबरला पुन्हा सामना झाला. कब्सने तो ४-२ असा जिंकला आणि लीगचे अजिंक्यपदही नेले. मर्कल पुढे पुष्कळ वर्षे चांगला खेळला. तरी लोक त्याला 'मठ्ठ' म्हणत राहिले.

मंडळी, काम झालेसे वाटले, तरी शेवटचे पाऊल टाकूनच परतावे.

सांगा पाहू : मर्कल कोणत्या बेसला शिवला नाही?