रॉडवरचं क्रोम का सुटलं?



दिवाळीच्या सुट्टीत मोडनिंबला घरी गेले, तर काका डोक्याला हात लावून बसलेले. मुरूम वाहायच्या ट्रॉलीचा हायड्रॉलिक जॅक पुन्हा तेल गाळत होता. महिन्यापूर्वीच रॉडला नवीन क्रोम करून आणलं होतं, अगदी आरशासारखं. आता त्याच्या खपल्या निघत होत्या आणि त्यांनी ऑइल सील कापलं होतं. "तू इंजिनिअर होणार ना? काय चुकलं सांग की गं!" काका म्हणाले. मला सांगता आलं नाही. लाज वाटली. होस्टेलला आल्यावर लायब्ररीत बसून जे समजलं, ते असं.

क्रोमच का?
मुरमाच्या धुळीतले वाळूचे कण साध्या स्टीलला सहज ओरखडतात. साध्या रॉडचा कठीणपणा २०० ते २५० विकर्स, तर हार्ड क्रोमचा ८०० ते १०००. शिवाय क्रोमवर घर्षण कमी होतं. नळावरचं क्रोम मात्र वेगळं. ते मायक्रॉनपेक्षाही पातळ, फक्त चमकण्यासाठी. रॉडला २० ते ५० मायक्रॉन हवं.

थर कसा बसतो?
टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. तापमान ५५ अंशांच्या आसपास. रॉड कॅथोड, शिशाच्या मिश्रधातूचा अ‍ॅनोड. फॅरेडेच्या नियमाने १ अँपिअर-तासात ०.३२ ग्रॅम क्रोमियम बसायला हवं. पण जेमतेम १५ टक्के करंट कामी येतो, उरलेल्यातला बराचसा हायड्रोजन तयार करण्यात जातो. चौरस डेसिमीटरला ४० अँपिअर दिले तर तासाला सुमारे २७ मायक्रॉन थर बसतो. म्हणजे ५० मायक्रॉनला जवळजवळ दोन तास! कुणी अर्ध्या तासात करून देतो म्हणालं, तर काय ते समजून जा.

मग चुकलं कुठे?
बहुतेक तयारीत. रॉडवर तेल, गंज किंवा जुना थर राहिला तर नवीन क्रोम स्टीलला धरतच नाही. आधी जुना थर काढायचा, ग्राइंडिंग करायचं, तेल धुवायचं. मग थोडा वेळ उलटा करंट देऊन पृष्ठभाग खरवडायचा आणि त्यानंतर प्लेटिंग. क्रोमने खड्डे बुजत नाहीत. उलट खड्ड्यात थर पातळ आणि कडेला जाड बसतो. म्हणून शेवटी पुन्हा ग्राइंडिंग आणि पॉलिश. जास्त ताकदीच्या स्टीलमध्ये हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं, त्यामुळे ते लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात.

टाकीजवळचा माणूस
या टाकीतलं क्रोमियम षट्‌संयुजी असतं. त्याची वाफ श्वासातून गेली तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं, फुप्फुसाचा कॅन्सरही होऊ शकतो. तमिळनाडूत रानीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्याने भूजल दूषित झालं. म्हणून सांडपाणी सोडण्याआधी बायसल्फाइटने ते त्रिसंयुजी करायचं आणि चुन्याने खाली बसवायचं. नदीनाल्यात सोडताना मर्यादा लिटरला फक्त ०.१ मिलिग्रॅम आहे.

काकांना फोन करून तीन प्रश्न लिहून दिले: थर किती मायक्रॉन? जुना थर काढणार का? पाणी कुठे सोडता? रॉड आता दुसरीकडे दिलाय. तुमच्याही घरी ट्रॅक्टर असेल, तर चमक बघून पैसे देऊ नका. आधी हे विचारा!