अतिचंचल मूल : तपासणीपासून थेरपीपर्यंतचा खर्च

एडीएचडीच्या (अवधान-अभाव आणि अतिचंचलतेच्या) निदानाचा खर्च एकदाच येतो, थेरपीचा दर महिन्याला. त्यामुळे हिशेब थेरपीपासून मांडावा.

शंका कधी घ्यावी?
बूड टेकत नाही, वह्या हरवतात, मध्येच बोलतो, अशा तक्रारी किमान सहा महिने, घरी आणि शाळेतही असतील, आणि सुरुवात बाराव्या वर्षाआधीची असेल, तर तपासणी करावी. दंगा न करता हरवल्यासारखी बसणारी मुले, विशेषतः मुली, नजरेतून सुटतात.

पहिली पायरी, फुकट
भाईंदर परिसरात राहत असाल तर भाईंदर पश्चिमेच्या शासकीय पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या, पुढच्या तज्ज्ञासाठी चिठ्ठी मागा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे.

नको तो खर्च
निदान होते ते पालक-शिक्षकांची माहिती, प्रश्नावल्या आणि मुलाचे निरीक्षण यांवरून. झटके किंवा दुसरी काही शंका नसताना कोणी ईईजी, एमआरआय सांगितले, तर कारण विचारा.

खासगी थेरपी
समजा, एका सेशनचे ८०० रुपये. आठवड्याला दोन धरली तर महिन्याचे सुमारे ६,४०० आणि सहा महिन्यांचे ३८,४००. पॅकेजचे पैसे एकरकमी भरण्याआधी विचारा : उद्दिष्ट काय, प्रगती कधी मोजणार, मूल आजारी पडले तर सेशन बुडणार का? सहा वर्षांखालील मुलांसाठी साधारणपणे आधी पालकांचे प्रशिक्षण सुचवतात. तिथे शिकलेले रोज घरी वापरता येते, म्हणून हात आखडायचाच झाला तर इथे आखडू नका.

औषधे
मिथाइलफेनिडेट, अॅटोमॉक्सेटिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नकोत. भूक, झोप, वजन यांवर लक्ष हवे, त्यामुळे फेरतपासणीची फीही हिशेबात धरा.

सवलती आणि विमा
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता आहे. वाचन-लेखनही अडत असेल तर तीही तपासा. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी मुंबईतील सायन किंवा नायर रुग्णालयात चौकशी करा. नायर मुंबई सेंट्रल स्थानकाजवळ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना विम्यात समान वागणूक दिली आहे. मात्र तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का, हे लेखी विचारा.

पहिल्या भेटीला वर्गशिक्षकांचे पत्र, जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तक न्या. यांची झेरॉक्स सोडली तर खर्च काही नाही, आणि निदानाला उपयोग मोठा.